२३ नंबरची जांभळी बोटं

अहो, ऐकलंत का? आधी तो नळ बंद करा बघू. आणि जरा इकडे, कढीपत्त्याच्या बाजूला सरका. तिथे उभं राहून बोललं की १९ नंबरच्या गॅलरीत शब्द न् शब्द पोचतो, आणि मग संध्याकाळी क्लबहाउसमध्ये तोच शब्द चार पाय फुटून आपल्याकडे परत येतो.

२३ नंबर हो! आपले सेक्रेटरीसाहेब. काल मीटिंगला तुम्ही नव्हतात. गांधीनगरला महाराष्ट्र मंडळात भाचीचं डोहाळजेवण होतं ना? पाहिले फोटो. हिरवी साडी खुलते तुम्हाला. पण वहिनी, काय हुकलंय तुमचं, काय हुकलंय! असा चेहरा पडला त्या माणसाचा, की मला क्षणभर वाईटसुद्धा वाटलं. क्षणभरच हं. मग मी दुसरा समोसा घेतला.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा नाही.

ते सायकलवाले तुम्हाला काय नवीन? रविवारी पहाटे सर्व्हिस रोडवर लाल दिव्यांची रांग लागते ती. निम्मं बंगलोर हेब्बाळवरून निघतं आणि आपल्या दारावरून नंदीबेट्टाला जातं. १,४७८ मीटर उंचीचा तो डोंगर, त्यावर धापा टाकत चढायचं, ढगांसोबत फोटो काढायचा आणि खाली उतरून इडलीवर तुटून पडायचं. आपल्या लेआउटमधले सहा-सातजण त्यातलेच. पण २३ नंबर म्हणजे त्यांचे पुढारी. त्यांची सायकल पाहिलीय जवळून? गॅरेजात नसते ती, दिवाणखान्यात भिंतीला टांगलेली असते. आमच्या पहिल्या मारुतीपेक्षा महाग! त्यांच्या सौ. तर म्हणतात, घरातली धूळ पुसायची राहिली तरी चालते, पण हिला रोज मऊ फडकं...

तर काय सांगत होते? हां, खाण्याचं.

गौरीच्या जेवणाला आले होते ना आमच्याकडे. मी पानात उकडीचा मोदक वाढला, वर तुपाची धार सोडणार, तर यांचा हात आडवा! ‘काकू, नो. आय काउंट माय कार्ब्ज.’ अहो, मोदकाला कार्ब म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमचे हे गालातल्या गालात हसले. मी काही बोलले नाही. पण लक्षात ठेवलं.

आणि हेच गृहस्थ सायकलवर बसले की काय खातात ठाऊक आहे? ती जेल! बोटाएवढी पाकिटं, एकेक शंभराच्या वर, टोक दातानं फाडायचं आणि आतला चिकट ऐवज तोंडात पिळायचा. ११ नंबरच्या मुलानं मला एकदा चाखायला दिलं होतं, म्हणून अधिकारवाणीनं सांगते, चव अगदी बाटलीच्या तळाशी उरलेल्या खोकल्याच्या औषधासारखी. पण २३ नंबरांच्या कपाटात त्यांचे डबेच्या डबे. कॅफीनवालं, मीठवालं, दर पाऊण तासाला एक, घड्याळात गजर लावून. ग्रुपवर सगळ्यांना शहाणपण शिकवायचं, टपरीवरचं खाऊ नका, पोट बिघडतं, परफॉर्मन्स जातो.

११ नंबरचा पोरगा मात्र पहिल्यापासून खादाड. आईच्या तोंडून ऐकलंय मी. कुठेही निघाला की वाटेतल्या टपऱ्या त्याला तोंडपाठ. इकडे तट्टे इडली, तिकडे कडलेमिठाई म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की हो, कुठे एलक्की केळी, उन्हात मीठ-कोथिंबीर घातलेलं मज्जिगे, म्हणजे ताक. आणि पाठीमागच्या खिशात कुणाच्या दशम्या? माझ्या! दुधात भिजवलेल्या, गुळाच्या. दोन दिवस राहतात, पाणी लागत नाही, एका हातानं मोडून खाता येतात. आमच्या आजोबांच्या पंढरीच्या वाटेवर हेच असायचं गाठोड्यात. आता नाशिकची मंडळी सायकलवरून वारी करतात, त्यांच्याही पिशवीत हेच असणार, दुसरं काय...

हो हो, येते मुद्द्यावर.

ते येत्या शनिवारी काय आहे, ब्रेव्हे का काय म्हणतात ते, तीनशे किलोमीटरचं. त्याचे नियम आमच्या ह्यांनी मला समजावले, तेव्हा मी हसून हसून बेजार. शर्यत नाही म्हणे. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत, एवढंच. वेळेत पोचलात की झालं. हातात एक कार्ड देतात आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का. आणि शिक्का मारायला माणूस नसला तर? तर पुरावा म्हणून टपरीची पावती नाहीतर एटीएमची स्लिप! म्हणजे बघा, मध्यरात्री कुठल्याशा तालुक्याच्या गावात शंभर रुपये काढायचे, आणि नोट राहू द्या, चिठ्ठी मात्र जिवापाड जपायची.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, मध्ये कुणी मदत करायची नाही. मागून गाडी नाही, डबेवाला नाही. जे काही द्यायचं-घ्यायचं ते फक्त शिक्क्याच्या ठिकाणी. बाकी वाटेत जे सगळ्यांना मिळतं ते आपण विकत घ्यायचं, नाहीतर उपाशी राहायचं. मागच्या खेपेला २३ नंबरच्या सौ. मोठी गाडी घेऊन मागोमाग निघाल्या होत्या, आइस बॉक्समध्ये जेल ठेवून. कुणीतरी पाहिलं, संयोजकांचा फोन आला, आणि बाई चिंतामणीच्या रस्त्यावरून परत! ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण ड्रायव्हरनं सांगितलं.

आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की गडबड तिथेच आहे. ती अमेरिकेतली मोठी शर्यत असते ना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रॅम? २०१५ला आपल्या नाशिकच्या दोन महाजन डॉक्टर भावांनी जोडीनं पुरी केली, २०१७ला नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी एकट्यानं. तिथे मागे गाडी असते, सगळं पथक असतं, घोटाघोटाचा हिशेब ठेवून खायला घालतात. तिथे जेल शोभतं. आपल्या २३ नंबरांनी तिथलं वाचलं आणि शिडलघट्ट्याच्या रस्त्यावर आणलं. मग आमचे हे इतिहासातच शिरले. म्हणे १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले, त्यातले तिघं, हकीम, बापासोला आणि भूमगरा, १९२८ला फेरी पुरी करून परतले. सत्तर हजार किलोमीटरच्या वर! ‘त्यांनी कुठली जेल खाल्ली होती?’ मी म्हटलं, मला काय विचारता, मी काय त्यांच्या डब्यात डोकावले होते? पण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं मला आठवत होतं. २०१८ला, अवघ्या विशीची पोर, १५९ दिवसांत एकोणतीस हजार किलोमीटर, जगाला वळसा. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी पुढे गेली. तिची आई कशी झोपली असेल हो ते दिवस...

तर काय सांगत होते? मागच्याच्या मागचा रविवार. शनिवारच्या ब्रेव्हेची तयारी म्हणून हे सगळे निघाले. देवनहळ्ळीहून विजयपुरा, तिथून शिडलघट्टा, चिक्कबळ्ळापूर, नंदीला वळसा, आणि आल्या वाटेनं घरी. आता मी सांगते ते ११ नंबरच्या वहिनींनी मला सांगितलं, ‘कुणाला बोलू नका’ म्हणून. तुम्ही काय कुणी नव्हेत.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं. आपल्याकडे नवरात्र संपलं की दुपारचं ऊन कसं लागतं ते तुम्हाला माहीतच आहे. २३ नंबरांच्या बाटलीतलं पाणी संपलं. पाण्याशिवाय एकामागून एक दोन जेल घेतली, आणि पोटानं ती परत केली. जिथल्या तिथे! ७ नंबरचे डॉक्टर काल मला समजावत होते. यकृतात आणि स्नायूंत मिळून जी साखर साठवलेली असते ना, ती जोरात पायडल मारलं तर दीड-दोन तास पुरते. पुढे तासाला तीस ते साठ ग्रॅम तरी साखर-पिष्ट पोटात जायला हवं. नाही गेलं तर दिवा विझतो. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी, डोकं चालत नाही, रडूसुद्धा येतं माणसाला. हे लोक त्याला बाँक म्हणतात. एक मोठं केळं खाल्लं तर पंचवीसेक ग्रॅम होतात, डॉक्टर म्हणाले, आणि केळं पोट परत करत नाही.

तर दिवा विझला! साहेब सायकलवरून उतरले आणि बांधावर बसले. बांधाला तुतीची मोठी झाडं होती, पिकलेल्या काळ्याभोर फळांनी भरलेली. आत पाल्याचं शेत. रेशमाचा पाला हो, इथून शिडलघट्ट्यापर्यंत निम्मी शेती त्याचीच तर आहे, कोष विकायला तिथेच बाजार. साहेबांनी आधी खाली पडलेली फळं उचलली, मग हाताला लागतील ती तोडली, मग काय, भान गेलं, शेतात शिरले! ते सायकलचे टकटक वाजणारे बूट घालून. दोन्ही हातांनी ओरबाडून खाताहेत, तोंड जांभळं, बोटं जांभळी, आणि त्या पांढऱ्याशुभ्र जर्सीवर ओघळ.

‘यारप्पा अदु?’

एक अक्का उभी, हातात कोयता. पाला कापायला आली होती. असं झाडलं, असं झाडलं म्हणता! ११ नंबरच्या पोराला कन्नड उत्तम येतं, त्यानं सगळं आईला शब्दशः ऐकवलं. ती म्हणाली, फळं खा रे, फळाचं मला काय, पाखरं खातातच. पण अंगाला ते वासाचं क्रीम चोपडून माझ्या पाल्यात शिरलास, हा पाला संध्याकाळी किड्यांना घालायचाय, किडे मेले तर तू भरून देणार आहेस? लेकरागत जपतो आम्ही त्यांना, घरात तंबाखू ओढू देत नाही, अत्तर लावू देत नाही. खरंच आहे हो ते, रेशमाचा किडा फार नाजूक. शिडलघट्ट्याकडे कीडघरात परक्या माणसाला पाऊल टाकू देत नाहीत.

साहेब बोलायला गेले आणि बसले मटकन खालीच. तशी अक्काचा सूरच पालटला. ‘ऊटा आय्ता?’ विचारलं तिनं. जेवलास का? आता या प्रश्नाला कन्नड माणूस काय सांगणार, ‘आय्तु’ म्हणायचं आणि पुढे जायचं. पण साहेबांनी मान हलवली. नाही म्हणून. लहान मुलासारखी.

झालं! तिनं डबा उघडला. स्वतःचा डबा बरं का, दुपारचा. नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणि बेरके सोप्पूचं सारू. बेरके सोप्पू माहीत आहे ना? तुमच्या मल्लम्मा आणतात कधीमधी. पावसाळ्यात नाचणीच्या शेतात, बांधावर आपोआप उगवलेला पाला बायका खुडतात, एक जात नाही, चार-सहा-दहा जाती एकत्र. त्यातली अण्णे सोप्पू म्हणजे आपला कुर्डू. घोळही असते. आपल्याकडे श्रावणात कुर्डू, टाकळा, घोळ आणून आपण जिभल्या चाटत खातो ना, तोच प्रकार, फक्त इथे सगळं एका पातेल्यात, शिजवून पाणी काढून त्याचं आंबट-तिखट सारू. कुठला पाला घ्यायचा, कुठला सोडायचा, कुठला कोवळा असेपर्यंतच चालतो, हे त्या बायकांच्या बोटांना कळतं. पुस्तक नाही, ॲप नाही.

आणि साहेबांनी काय विचारावं? ‘स्पून इदिया?’ चमचा आहे का! अक्का हसता हसता बांधावर बसली. मुद्दा चावायचाही नसतो हो, तोडायचा, सारूत बुडवायचा आणि गिळायचा. तो पहिला घास यांनी चावला, टाळूला चिकटला, जीभ वळेना. मग तिनं गिळून दाखवलं. मग यांनी गिळला. मग दुसरा, तिसरा. अख्खा मुद्दा संपवला. कार्ब मोजले नाहीत. वर तिनं चिमटीनं मीठ दिलं, गुळाचा खडा दिला, घागरीतलं पाणी दिलं. अर्ध्या तासानं माणूस उभा राहिला.

पैसे द्यायला खिशातून फोन काढला, क्यूआर आहे का विचारलं. ‘दुड्डु बेडा.’ पैसे नकोत. ११ नंबरच्या पोरानं मात्र खाली बसून डबा घासला तिचा. आई काही त्याला वाईट वळण लावत नाही, एवढं म्हणायला हवं.

पण खरी गंमत पुढेच. घरी येऊन साहेबांनी ग्रुपवर फोटो टाकला. स्वतःचा. जांभळी बोटं कॅमेऱ्यापुढे धरलेली, हसरा चेहरा, खाली लिहिलंय, रानातली तुती, निसर्गाचं जेल! अक्का? नाहीच फोटोत. मूळ फोटोत डाव्या हाताला ती डबा घेऊन बसलीय, ते सगळं कापून टाकलं! शंभर-दीडशे अंगठे आले. कुणी लिहिलं, खरा प्रवासी, कुणी लिहिलं, मातीशी नातं. आणि ११ नंबरच्या पोराच्या फोनमध्ये न कापलेला फोटो. समजलं ना तुम्हाला कुठे चाललेय मी?

आता कालची मीटिंग. विषय चौथा. पहिले तीन म्हणजे गटार, क्लबहाउसचं बिल आणि कुत्री, ते जाऊ द्या. चौथा विषय खुद्द सेक्रेटरींनी मांडलेला. ती हाउसकीपिंगच्या बायकांची पोरं शाळा सुटली की आईची वाट बघत बसतात ना, बागेत? ती म्हणे सिंगापूर चेरीची फळं तोडतात. ते झाड हो, घसरगुंडीच्या मागचं, इथली माणसं गसगसे हण्णु म्हणतात, आत खसखशीसारख्या बिया असतात ती लाल मण्याएवढी फळं. वर्षभर येतात, पाखरं खातात, वटवाघळं खातात, आपण तर कधी उचलूनही बघत नाही. आणि शिवाय चक्कोत्याच्या झाडाचं एक फळ पाडलं. म्हणजे आपलं पपनस. आता देवनहळ्ळीच्या पपनसाला जीआय टॅग मिळालाय, तेव्हा ती म्हणे सोसायटीची मालमत्ता! शब्द काय वापरला ठाऊक आहे? थेफ्ट. चोरी. कंत्राटदाराला पाचशे रुपये दंड, आणि पोरांना गेटबाहेर बसवायचं. त्या दिवशी वॉचमननं एका मुलीच्या फ्रॉकच्या ओच्यातली फळं जमिनीवर ओतायला लावली, ते मी स्वतः गॅलरीतून पाहिलं होतं. सात वर्षांची असेल. रडली नाही. नुसतं बघत राहिली.

सगळे गप्प. चौथ्या विषयापर्यंत समोसे गार होतात, माणसं माना डोलावतात, विषय पास होतो, हे तुम्ही जाणताच. साहेब म्हणाले, ‘एनी ऑब्जेक्शन?’ आणि ११ नंबरच्या वहिनी उठल्या. अहो, त्या! ज्या हळदीकुंकवालासुद्धा ‘हो ना’च्या पलीकडे बोलत नाहीत त्या! म्हणाल्या, ‘ऑब्जेक्शन नाही हो. एक फोटो दाखवायचा होता फक्त.’ आणि पोरानं फोन लावला टीव्हीला.

एवढा मोठा फोटो! भिंतभर. साहेबांची बोटं जांभळी, हनुवटी जांभळी, पाय तुतीच्या पाल्यात, आणि शेजारी ती अक्का कोयता मांडीवर ठेवून डब्याचं झाकण धरून बसलेली.

वहिनी म्हणाल्या, ‘हे झाड कुणाचं हो, साहेब?’

काय सांगू तुम्हाला! आधी कान लाल झाले. मग हसायचा प्रयत्न केला, एका बाजूनं झालं, दुसऱ्या बाजूनं होईना. ‘दॅट वॉज... वाइल्ड,’ म्हणाले. रानातलं होतं. तर मागून आवाज आला, ‘काडल्ला सार.’ रान नव्हे. आपला माळी! चहाचा ट्रे घेऊन उभा. म्हणाला, तो विजयपुऱ्याच्या अलीकडचा रस्ता, चन्नरायपट्टण होबळीतली जमीन आहे ती, माझी आत्या त्याच भागात दिली आहे.

आता बघा, इथे सगळ्यांचे चेहरे बदलले, आणि का ते तुम्ही ओळखालच. तीच तेरा गावं! १,७७७ एकर, विमानांच्या कारखान्यांसाठी घेणार होते ती. २०२२च्या एप्रिलपासून ती माणसं धरण्यावर बसली होती, तीन वर्षांहून जास्त. बायका भाकऱ्या बांधून आणायच्या, ऊन नाही, पाऊस नाही. शेवटी २०२५च्या जुलैत मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी जाहीर केलं, जमीन घेत नाही. आणि त्याच आठवड्यात आपल्या क्लबहाउसमध्ये कोण म्हणालं होतं, की फार वाईट झालं, तो कारखान्यांचा पार्क आला असता तर आपल्या व्हिलांचा भाव कुठल्या कुठे गेला असता? कोण म्हणालं होतं? आठवतंय ना? मी काही नाव घेत नाही. पण काल त्या खोलीत प्रत्येकाला एकदमच आठवलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. ७ नंबरच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. १९ नंबरनं चक्क ‘अय्यो’ म्हटलं. आणि २३च्या सौ. पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, ते अजून सापडलेलं नसावं.

मला विचाराल तर, त्यांनी तुती खाल्ली यात मला काहीच वावगं दिसत नाही. भुकेल्यानं बांधावरचं फळ खावं, आपल्याकडे शेतकरी स्वतः हाक मारून हुरड्याला बसवतो. चिंचा पाडत, बोरं वेचत, करवंदांनी ओठ काळे करत आपण वाढलो. पण मग ते लेआउटच्या आत आलं की त्याचा गुन्हा कसा होतो? लायक्रा घातली तर निसर्गप्रेम आणि फ्रॉक घातला तर दंड? हे मी मनात म्हटलं नाही, वहिनी. मोठ्यानं म्हटलं. मोदकाचं उट्टं निघालं असं आमचे हे म्हणतात, पण ते तसं नाही. थोडंसं आहे.

निर्णय? अहो, मीटिंगमध्ये निर्णय होतात होय कधी? विषय ‘पुढील बैठकीपर्यंत स्थगित’. पाटी तशीच आहे, फळे तोडू नयेत. पण आज दुपारी मी पाहिलं, ती मुलगी आणि तिचा भाऊ झाडाखाली होते, आणि वॉचमन उभा होता त्यांच्याकडे पाठ करून, रस्त्यावरून एक गाडी जात नव्हती तरी रस्त्याकडे टक लावून.

११ नंबरचा पोरगा गेल्या रविवारी पुन्हा त्या रस्त्यानं गेला. आईनं चिवडा बांधून दिला होता अक्कासाठी. येताना पिशवीभर सीताफळं घेऊन आला, रिकाम्या हातानं पाठवीना ती. दोन माझ्याकडेही आली, रवाळ, गोड. त्याला २०२७ला फ्रान्सला जायचंय, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, बाराशे किलोमीटर नव्वद तासांत, चार वर्षांतून एकदा असतं, १८९१पासून चालू आहे म्हणे. त्याला त्या सायकलीपेक्षा तिथल्या गावांचं वेड. रात्री-अपरात्री लोक घराबाहेर टेबल मांडून बसतात, पोरं-बाळं-म्हाताऱ्या सगळे, जाणाऱ्या-येणाऱ्याला कॉफी, धिरड्यासारखं काहीतरी. पैसे घेत नाहीत. एका घरी तर म्हणतात, आपल्या गावी पोचल्यावर एक पोस्टकार्ड टाका, बस्स. तो म्हणाला, काकू, तिथे जायला लाखभर रुपये लागतील, आणि इथे विजयपुऱ्याच्या रस्त्यावर... पुढे बोललाच नाही. लाजाळू आहे हो. स्थळं बघताहेत का त्याच्यासाठी? नाही, सहज विचारलं.

आणि आता शेवटचं, म्हणजे मूळ कामाचं. सकाळी सातला माझ्या दारात कोण? २३ नंबर! हेल्मेट हातात. इकडे बघतात, तिकडे बघतात, तुळशीचं कौतुक करतात. मग म्हणाले, ‘काकू, ११ नंबर घेऊन जातो ते... ते तुम्ही बनवता ते, ब्राउन कलरचं...’ मी म्हटलं, दशमी. म्हणाले, ‘हां, त्या. सॅटर्डेला मिळतील का? सहा?’ मी म्हटलं, मिळतील की, पण त्यात कार्ब्ज असतात. बिचारे इतके ओशाळले की मी पुढचं बोलणंच गिळलं. बाजूला बसवून चहा दिला. साखर घातली, प्याले.

तेव्हा वहिनी, आले होते खरं तर पीठ मागायला. माझ्याकडचं गव्हाचं आज चक्कीवर गेलंय आणि तो मेला शनिवारपर्यंत देईल याचा भरवसा नाही. दोन वाट्या द्या. आणि तुमचा तो चिक्कीचा गूळ नको, मऊ वाला आहे का, काळा?